झाकणावरचं पाणी

मार्च उतरत आला होता. नंदनवन वस्तीत दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. प्रेमिला इतवारीच्या बाजारातून कोबी, गाजर, शिमला मिरची आणि सोया सॉसची काळी बाटली घेऊन घरी आली आणि पंख्याखाली दोन मिनिटंही न टेकता तिने पदर खोचला. चार वाजता महिला मंडळाच्या कुसुमताई येणार होत्या. तिच्या हातची तिखट चायनीज भाजी त्यांना पसंत पडली, की दर सोमवारचा पाककलेचा वर्ग प्रेमिलाचा. मंडळाच्या फळ्यावर तिचं नाव लागणार होतं. पंधरा वर्षांच्या संसारात रेशनकार्डाशिवाय ते कुठे लिहिलं गेलं नव्हतं, म्हणजे बघा.

नवरा वामनराव ऑफिसात, मुलं शाळेत. सासू सुभद्राबाई दिवाळीनंतर गेल्या. खरं सांगायचं तर तेव्हापासूनच हे स्वयंपाकघर प्रेमिलाचं झालं होतं.

चायनीज भाजीचं शास्त्र सोपं आहे. आच मोठी हवी, हात चालता हवा आणि झाकण अजिबात नको. भाजी दाताखाली करकरली पाहिजे. सुभद्राबाईंचं शास्त्र नेमकं उलटं. भाजी कुठलीही असो, तिच्यावर ताटली, ताटलीत पाणी, आणि खाली मंद आच. तोंडाचं बोळकं झालेलं. बोटावर तंबाखूची काळी गुडाखू घ्यायची, हिरड्यांवर चोळायची आणि उंबऱ्यात बसून घोकायचं, "झाकण ठेव वं, झाकण ठेव." त्यांची खापा गावाहून आणलेली पितळी ताटली दिवस झाल्यावर प्रेमिलाने स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकली होती. टाकताना तिला जरा हसूही आलं होतं. हसली की तिचा डावा सुळा दिसायचा, जन्माचा वाकडा. त्यावरूनही सासूने कधी सुखाने हसू दिलं नव्हतं.

कढईत तेल धुरावलं. लसूण पडला, लाल मिरची पडली, ठसका उठला. कोबी, गाजर, शिमला मिरची चरचरत परतली गेली. सोया सॉस घ्यायला ती फडताळाकडे वळली, तेवढ्यात मागे आवाज आला. टण्ण.

कढईवर माळ्यावर टाकलेली ती पितळी ताटली होती. ताटलीत काठोकाठ पाणी, आणि त्यातून वाफ निघत होती.

 प्रेमिलाने फडक्याने ताटली उचलली. आतली भाजी तासभर शिजल्यासारखी गळून पडली होती. मिरचीचा हिरवा रंग गेला होता, गाजर बोटाने दाबलं तर लगदा झाला. खरं तर तिने घाबरायला हवं होतं. पण तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मेल्यावर बी!" ती रिकाम्या स्वयंपाकघरात सासूवर ओरडली. "पंधरा वर्षं ऐकलं नं तुमचं आत्याबाई! आता तं सोडा!"

 बाहेर ऊन नुसतं तापत होतं.

तिने ताटली मोरीत आपटली, मोरीचं दार लावून कडी घातली. भाजी पुन्हा चिरली. या खेपेला कढईवरून नजर काढायची नाही, असं ठरवून ती पाय रोवून उभी राहिली. मिरचीचा ठसका नाकात गेला, डोळे मिटले, एक शिंक आली. एकच. पण त्याआधी, त्या ठसक्यातून वाट काढत, एक वास आला होता... ओल्या गुडाखूचा.

टण्ण.

मोरीची कडी तशीच लागलेली होती. ताटली कढईवर होती.

तिने झारा ओट्यावर आपटला. "काहून छळून राहिल्या तुमी मले? काय घोडं मारलं मी तुमचं?"

विचारलं खरं, आणि विचारताच आठवलं. दिवाळीच्या आधी ती पहिल्यांदा ही भाजी शिकून आली होती. मधल्या खोलीतल्या खाटेवरून सुभद्राबाईंनी हात पुढे केला होता.

"मले बी दे नं वं घासभर. लय वास सुटला."

"दात तरी आहेत का तुमाले? करकरीत असते थे."

"मंग झाकण ठेव. नरम होऊन जाईन."

"झाकण ठेवलं तं थे चायनीज नाई राहत."

म्हातारीने मग लेकाकडे कवळी मागितली. वामनराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आता कितीक दिवसांसाठी, माय?" पंधरा दिवसांसाठी. दोन्ही वेळा कालवलेला वरणभात खाऊन ती गेली.

प्रेमिलाने आच बंद केली. पण राग काही गेला नाही. पंधरा वर्षं रांधून वाढलं, दुखण्यात उशाशी बसून रात्री काढल्या, त्याची आठवण नाही, आणि एक घास नाही दिला तो बरा लक्षात राहिला! लेकाने दात नाकारले, पण भाजी बिघडायची ती सुनेची. लेकाच्या ऑफिसात जाऊन वाजवा म्हणावं ताटली!

तिने ती गळलेली भाजी वाटीत काढली, मधल्या खोलीत खाटेच्या जागी नेऊन ठेवली.

"घ्या. नरम आहे. खा, अन् जा आता..."

तिसऱ्यांदा भाजी केली तेव्हा काही झालं नाही. ताटली जागची हलली नाही. चारला कुसुमताई आल्या, भाजी खाल्ली, मिरचीने नाक पुसत हसल्या. "काय करकरते वं ही! या सोमवारपासून वर्ग तुझा. दर सोमवारी हेच करून दाखव पहिले." प्रेमिला तोंडभरून हसली, वाकडा सुळा दिसला तरी हसली.

त्यांना फाटकापर्यंत पोचवून ती परत आली, ती थेट मधल्या खोलीत गेली. वाटी भरलेली होती. भाजी वरून सुकली होती, कुणी तिला शिवलंही नव्हतं.

स्वयंपाकघरात मात्र उरलेल्या करकरीत भाजीवरची जाळी बाजूला झाली होती. बशीतल्या प्रत्येक गाजराच्या कापावर चावल्याची खूण होती. एकाच दाताची, खोल आणि टोकदार... आणि तिरकी.

प्रेमिलाने एक काप उचलून उजेडात धरला. ती तिरकस खूण ओळखीची वाटली. तिची जीभ आपोआप वर गेली, डावीकडे, जिथे सुळा असायचा तिथे.

तिथे मऊ लागलं.

ती आरशाकडे धावली. रक्त नव्हतं, दुखत नव्हतं. वर्षानुवर्षं तिथे दात नसावा तशी हिरडी गुळगुळीत होती, आणि तिच्यावर कुणीतरी बोट फिरवल्यासारखा काळा ओघळ होता. गुडाखूचा.

"एक घास मागितला होता नं..." तिचा आवाज फाटला. "एक घास! अन् हे..."

मधल्या खोलीत, खाटेच्या जागेवर, कुणीतरी गाजर चावत होतं. सावकाश. एकाच दाताने चावावं लागतं तसं, एका बाजूने, थांबून थांबून.

कर्र... कर्र...

सोमवारला, पुन्हा तीच करकरीत भाजी करायला, चार दिवस होते.