आजोबांच्या टीव्हीचं चॅनेल कोण बदलतं?

"हात वर करा, आजोबा! दोन्ही!"

शंकासुराने हुकूम सोडला आणि खुर्चीत बसलेल्या आजोबांनी निमूटपणे हात वर केले. रिमोट ताईच्या मांडीखाली होता. खारूताई टीव्हीच्या अगदी समोर नजर रोखून उभी होती. पडद्यावर एक माणूस संथ आवाजात मधमाश्यांची माहिती सांगत होता.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली.

"हात भरून आले रे माझे," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात मधमाश्या गायब झाल्या आणि पडद्यावर क्रिकेटचा सामना सुरू झाला!

"बदललं! बदललं!" खारूताईने उडीच मारली. "कुणी हातसुद्धा लावला नाही!"

आजोबांनी हात खाली घेतले. ते हसले नाहीत. "म्हणजे मी विसरत नाहीये ना?" त्यांनी हळूच विचारलं.

ही तिघं भावंडं सुट्टीसाठी मामाकडे आली होती. ताई तेरा वर्षांची, सगळ्यांत शहाणी, निदान तिच्या मते तरी. मधला शंकासुर अकराचा. कपातलं दूध खरंच दूध आहे ना, अशीही त्याला शंका यायची, म्हणून हे नाव. आणि धाकटी खारूताई. चढण्यासारखं काही दिसलं की तिचे पाय जमिनीवर ठरत नसत.

आजोबांनी पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. परसातल्या खोलीत ते अजूनही रोज कामाला बसायचे. पण पंधरा दिवसांपूर्वी घरी नवी डिश बसली आणि आजोबा तक्रार करू लागले, "माझ्या टीव्हीचं चॅनेल आपोआप बदलतं." मामाने डोक्याला हात लावला. आजोबा स्वतःच बटण दाबतात आणि विसरतात, असं त्याने ठरवूनच टाकलं! बरं, ठरवून गप्प बसेल तर तो मामा कसला! परसातल्या खोलीत स्पिरिटचा दिवा असतो, उद्या तो पेटता राहिला तर? मामाने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. सोमवारी डॉक्टरांची वेळही घेतली. आज शनिवार होता.

सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे आजोबांनाही ते खरं वाटू लागलं होतं. तिघांना मामाचा भयंकर राग आला होता.

"चला, आत्ताच्या आत्ता मामाला सांगू!" खारूताई जिन्याकडे धावली.

मामा शाळेत इतिहास शिकवायचा. परीक्षेचे पेपर तपासायला तो दुपारभर वरच्या खोलीत बसायचा. दाराला आतून कडी होती.

"मामा, आजोबांचं चॅनेल खरंच आपोआप बदलतं!" ताई दाराबाहेरून ओरडली. "आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

"उगाच त्यांची बाजू घेऊ नका!" आतून आवाज आला. "टीव्हीला काय भूत लागलंय? जा, मला काम करू द्या!"

तिघं खाली आली. शंकासुराच्या कपाळावर आठी होती.

"पेपर तपासायला कडी कशाला लागते?"

"तुला ना, सगळ्यांचाच संशय!" ताई म्हणाली. पण आज तिलाही थोडासा आला होता.

आजोबांच्या खोलीत परतल्यावर शंकासुराने टीव्हीमागे डोकं घातलं. "आजोबा, तुमच्या टीव्हीला डिशचा बॉक्सच नाही! नुसती एक वायर येतेय. आणि हे मण्याएवढं काळं काय आहे?"

"तो डोळा. डिश बसवायला आलेला वायरमन म्हणाला, रिमोट त्याच्याकडे धरायचा. बॉक्स पुढच्या खोलीत आहे."

मोर्चा पुढच्या खोलीत गेला. तिथला टीव्ही दुपारी बंद असायचा. ताईने तो लावला आणि तिने आ वासला. तिथेही तोच सामना! तोच गोलंदाज, तीच धावसंख्या!

आजोबा दारात उभे राहून बघत होते. अचानक त्यांनी चुटकी वाजवली. "अरे, हे तर मनोऱ्यावरच्या घड्याळासारखं झालं! यंत्र एकच, तबकड्या चार. आत काटे फिरवले की चारही बाजूंची वेळ बदलते. बॉक्स एक, म्हणजे चॅनेलही एकच. इथे बदललं की माझ्याकडेही बदलणार!"

विसराळू माणूस असा बोलतो का? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पण इथला टीव्ही तर बंद होता. मग बदललं कुणी?" शंकासुराने विचारलं.

"म्हणजे आणखी एक तबकडी असणार," आजोबा म्हणाले. "शोधा!"

बॉक्समागे वायरी वाटणारी एक छोटी डबी होती. तिच्यातून तीन वायरी निघाल्या होत्या. एक इथल्या टीव्हीला, एक आजोबांच्या खोलीकडे आणि तिसरी थेट खिडकीबाहेर!

खारूताईला सांगावं लागलं नाही. ती खिडकीच्या गजांवर चढून बाहेर डोकावलीसुद्धा. "वर गेलीये! पाइपाच्या कडेकडेने! मामाच्या खोलीत शिरलीये!"

"पण मामाच्या खोलीत टीव्ही कुठाय?" ताई म्हणाली. "जुना होता तो त्याने दुरुस्तीला दिलाय ना?"

"कधी दिला?"

"नवी डिश बसली त्याच दिव..." ताई बोलता बोलता थांबली.

स्वयंपाकघरात मामी भांडी पुसत होती. शंकासुराने साळसूदपणे विचारलं, "मामी, मामाचे पेपर होत आले का गं?"

"कुठले! दोनशेतले जेमतेम तीस झालेत. बिचारे जेवण झालं की कोंडून घेतात स्वतःला."

बिचारे! शंकासुराला हसू आवरेना.

आता आजोबाच सेनापती झाले. सामना रंगात आला होता. शेवटची ओव्हर, सहा चेंडू, जिंकायला बारा धावा! ताईने काहीतरी निमित्त काढून मामीला जिन्याखाली आणलं. खारूताई जिन्याच्या वरच्या पायरीवर दबा धरून बसली. शंकासुर आजोबांच्या दारात उभा राहिला. खारूताईने हात हलवला.

"दाबा, आजोबा!"

आजोबांनी बटण दाबलं. मधमाश्या!

दोन सेकंदांत पुन्हा सामना.

"दाबा!"

पुन्हा मधमाश्या. पुन्हा सामना. पुन्हा मधमाश्या! वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीतरी आपटलं. खाड्कन कडी निघाली आणि कानाला फोन लावून मामा बाहेर आला. त्याचं खाली लक्षच नव्हतं.

"अहो वायरमन, चौथ्यांदा सांगतोय! रिमोटचे सेल नवे आहेत! माझ्या टीव्हीचं चॅनेल आपोआप बदलतं! हो, आपोआप! मी कशाला दाबू? मला काय वेड लागलंय?"

खालून कुणीतरी फिस्सकन हसलं.

मामाने खाली पाहिलं. जिन्याखाली मामी होती, ताई होती. मागे शंकासुर आणि रिमोट घेतलेले आजोबा होते.

"मामा," खारूताई गोड आवाजात म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांकडे तुलाही न्यायचं का रे?"

"अहो, कुठला टीव्ही?" मामी एकेक शब्द तोडत म्हणाली. "दुरुस्तीला गेलेला?"

मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता!

तासाभरात वायरमन येऊन हजर झाला. आजोबांनी त्याला मनोऱ्यावरच्या घड्याळाचं उदाहरण दिलं तेव्हा तो ओशाळला. "बरोबर आहे आजोबा. एका बॉक्सवर तीन टीव्ही जोडले की तिन्हीकडे एकच चॅनेल दिसणार. ज्याने शेवटचं बटण दाबलं त्याचं! घाईत सांगायचं राहिलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." मग तो शंकासुराकडे वळला. "आणि वायर शोधून काढलीत तुम्ही? मोठे झालात की या माझ्याकडे!"

मामा मान खाली घालून उभा होता.

"बाबा, माझं चुकलं," तो म्हणाला. "माझ्याकडे बदललं तेव्हा मी बॉक्सला दोष दिला आणि तुमच्याकडे बदललं तेव्हा तुम्हाला. आणि लपवाछपवी करत होतो ती वेगळीच."

"माफी नंतर माग. आधी डॉक्टरांना फोन कर," आजोबा म्हणाले. "आणि तो टीव्ही खाली आण. पेपर संपेपर्यंत तो मामीच्या ताब्यात!"

परसातल्या खोलीचं दार उघडलं तेव्हा सगळेच आत शिरले. आजोबांनी मेजावरून हात फिरवला. मग खुर्चीत बसून ते भिंग पुसू लागले.

"तुम्हाला एक सांगू?" ते म्हणाले. "गेले आठ दिवस उठल्याबरोबर मी डोळे मिटून तुमचे वाढदिवस आठवून बघायचो. एखादा विसरलो तर, अशी धास्ती वाटायची. सगळं घर एका बाजूला असताना तुम्ही तिघांनी माझ्यावर विश्वास ठेवलात. शाबास रे माझ्या पोरांनो!"

ताईने घाईघाईने डोळे पुसले. शंकासुर उगाचच खिडकीबाहेर बघू लागला.

"मग सांगा बघू, माझा कधी?" खारूताईने विचारलं.

"पाच ऑगस्ट, पहाटे सव्वाचार. पाऊण तास रडत होतीस!"

"आणि माझा, बाबा?" मामाने दारातून भीतभीत विचारलं.

आजोबांनी भिंग डोळ्याला लावलं आणि समोरचं घड्याळ उघडलं.

"तुझा तेवढा यंदा विसरायचं ठरवलंय!"