जिन्यासमोरची भिंत

दारातून आधी चित्र आत आलं. खाकी कागदात गुंडाळलेलं, जवळजवळ दाराएवढं... आणि त्याच्याखाली दोन पाय. शिडीवर चढून छताच्या नक्षीवर शेवटचा हात फिरवणाऱ्या ठकूने वळून पाहिलं. चित्राचा कोपरा थेट जिन्यासमोरच्या भिंतीकडे निघाला होता.

"अहो चित्र! थांबा!"

चित्र थांबलं. मागून आवाज आला, "कोण बोललं? भिंत?"

"हो, भिंतच समजा! अजून एक पाऊल टाकलंत तर गिलावा खरवडला जाईल माझा."

चित्राच्या कडेवरून एक चेहरा डोकावला. विस्कटलेले केस, नाकाच्या शेंड्यावर धूळ, आणि हसू असं, की ठकू पुढचं वाक्य विसरूनच गेली. तेवढ्यात आतून मावशीची हाक आली, "ठकूऽ, गॅलरीवाले आले का गं?"

"ठकू?" त्याने भुवया उंचावल्या.

"घरातलं नाव आहे," ती फणकारली. "तुमच्यासाठी नाही."

मावशी आणि काकांनी हे शंभरेक वर्षांचं घर हौसेने विकत घेतलं होतं, आणि आर्किटेक्ट भाची हाताशी असताना दुरुस्तीचं काम दुसऱ्या कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. ठकूने त्या घरात जीव ओतला. सगळ्यात जास्त ओतला तो जिन्यासमोरच्या भिंतीत. ओल येऊन पोपडे धरलेली ती भिंत तिने खरवडून, चुना घोटून पुन्हा गुळगुळीत करून घेतली होती. दुपारी वरच्या रंगीत काचांमधून उन्हाचे लाल-निळे तुकडे त्या भिंतीवर उतरायचे आणि हळूहळू सरकत राहायचे.

आणि मावशीला नेमकं तिथेच मोठं चित्र हवं होतं. घराला शोभतील अशी चित्रं निवडायला तिने या गॅलरीवाल्याला बोलावलं होतं.

झालं! तो चित्र आणायचा, ठकू नाक मुरडायची. वादळातली गलबतं आणली, तर म्हणाली, "जिना चढताना चक्कर येईल." उधळलेले घोडे आणले, तर म्हणाली, "काका घाबरतील." काका बिचारे म्हणत होते, "छान आहेत की!" पण त्यांना विचारतंय कोण?

"तुम्हाला चित्रंच आवडत नाहीत का हो?" एकदा त्याने कंटाळून विचारलं.

"आवडतात ना. दुसऱ्यांच्या भिंतींवर."

तो खळखळून हसला. चित्र उचलून निघाला, दारात वळून म्हणाला, "बरंय मग. परवा नवीन नकार ऐकायला येतो."

परवा सकाळपासून ठकूचं लक्ष दाराकडे होतं, हे मावशीने बरोब्बर टिपलं.

तो आला तो दुपारी, आणि रिकाम्या हातांनी. "आज मी फक्त बसणार आहे," म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. जरा वेळाने तीही बसली – चांगलं दोन माणसांचं अंतर ठेवून. ऊन सरकत होतं. भिंतीवरचा लाल तुकडा कोपऱ्यात गेला, जांभळा उगवला.

"तुमच्या गालावर निळं लागलंय," तो हळूच म्हणाला.

तिने पटकन गाल पुसला. "गेलं?"

"नाही जाणार... ऊन आहे ते."

ठकूने हात गालावरच ठेवला. तो मात्र उठला आणि सरळ मावशीकडे गेला. "मावशी, या भिंतीवर काही लावू नका. इथे कुठलंही चित्र लावलं तरी ते लुडबुड करेल. बाकीच्या खोल्यांची चित्रं मी पाठवून देतो."

जाताना ठकूला म्हणाला, "जिंकलात." आणि गेला.

चित्रं आली. दिवाणखान्यात डोंगर लागले, काकांच्या खोलीत पक्षी लागले. तो काही आला नाही. यायला आता कारणच उरलं नव्हतं. ठकू जिन्यावर बसून आपल्या लाडक्या भिंतीकडे बघायची, आणि ती भिंत तिला खायला उठायची.

"उसासे कसले टाकतेस?" मावशी म्हणाली. "पुन्हा ओल आली की काय?"

"मावशी... तिथे चित्र हवं होतं बहुतेक."

"मग इथे बसून येणार आहे का ते? जा की!"

गॅलरीत तो एकटाच होता. तिला बघून दचकला. "काय झालं? गिलावा पडला?"

"चित्र हवंय. मोठं."

"कुठल्या भिंतीसाठी?"

"त्याच."

तो हातातलं फडकं एका चौकटीवर फिरवू लागला. मग म्हणाला, "एक सांगू? ते घोडे तुम्हाला आवडणार नाहीत हे मला माहीत होतं."

"मग आणलेत कशाला?"

"आवडले असते, तर परत कसा आलो असतो?"

ठकूचा चेहरा तापला. "आणि शेवटी? काही लावू नका म्हणालास, तेव्हा परत यायचं नव्हतं तुला?" 'तू' तोंडातून निसटून गेलं होतं... आता मागे घेता येणार नव्हतं.

"यायचं होतं गं," तो म्हणाला. "पण तुझी भिंत बिघडवून नव्हतं यायचं."

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"भिंत मोकळीच छान दिसते," ती म्हणाली. "तू म्हणालास ते खरंय. पण तू येत नाहीस ना... मग मला एकटीला ती बघवत नाही."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. दोन माणसांचं अंतर कसं संपलं ते दोघांनाही कळलं नाही. त्याची बोटं तिच्या बोटांत अडकली, तेव्हा त्याच्या हाताला वॉर्निशचा वास येत होता.

"उद्या येऊ?"

"ये ना. पण मावशीला काय सांगू? चित्र तर आणायचं नाहीये."

"सांग, बघायला येतोय."

"काय बघायला?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला समजलं. तो नुसता हसत होता. कानांच्या पाळ्या मात्र लालबुंद झाल्या होत्या.

"सांगते," ठकू म्हणाली. "केस तेवढे विंचरून ये."