परतीचा सामना

बिभीषण काळ्यांचा गुडघा त्या सकाळी सुजला नसता, तर दाक्षायणीबाई दिवसभर चहाच्या टेबलामागंच उभ्या राहिल्या असत्या.

सोलापूर आणि कलबुर्गी, दोन्हीकडच्या क्लबांतल्या साठीपुढच्यांचा मैत्रीचा गोल्फ सामना होता. काळे बसून राहिल्यानं ऐन वेळी सोलापूरचा एक माणूस कमी पडला. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुम्हीच उभ्या राहा की." नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून त्या मैदानावर यायला लागल्या होत्या. खेळ जेमतेम जमायचा.

त्यांच्यासमोर आले गुरुशांत मठपती. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या मिशीखाली हसू दाबून धरल्यासारखे. हात जोडून म्हणाले, "ऊटा आतेन्री?"

"जेवण? एवढ्या सकाळी जेवतं का कुणी?"

"म्हणजे कानडी येतं तुम्हाला. तेवढंच बघायचं होतं."

"घरी कानडीच बोलतो आम्ही. पण तुम्हाला हरवायचं मराठीत ठरवलंय."

ते मोकळं हसले. दाक्षायणीबाईंना उगीचच आपल्या टोपीखालून सुटलेली बट आठवली...

रात्री परतीचा पाऊस होऊन गेला होता. सोलापूरच्या उन्हात हिरवळ कुठली टिकायला? खळग्यांभोवती तेल पाजलेली काळसर वाळू, मध्ये नुसती बाभळी आणि कुसळं. पण आज त्या कुसळांवरही पाणी चमकत होतं. गुरुशांतांनी पहिला चेंडू मारला. टणत्कार असा, की पलीकडच्या टिटव्या उडाल्या.

"कुठं पडला हो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच मारलात आणि बघितला नाहीत?"

"शेजारी तुम्ही उभ्या... चेंडूकडं कोण बघतो?"

या वयात कान गरम होतात, हे दाक्षायणीबाईंना नव्यानं कळलं. "बाभळीच्या डावीकडं," त्या म्हणाल्या. "विरोधी माणसाच्या शब्दावर खेळणार का तुम्ही?"

"बघू की, किती दगा देताय."

प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी बाईंनी खरं सांगितलं. मग पाचव्या खळग्याकडं जाताना गुरुशांत थोडे पुढं गेले, थांबले, नेम धरून वाकले. त्यांच्या पायाशी वाऱ्यानं आलेला चहाचा कागदी कप होता. बाईंना वाटलं, गंमत करताहेत. पण मिशीखालचं हसू गेलेलं होतं.

त्या जवळ गेल्या, हळूच त्यांचं कोपर धरलं. "तो कप आहे. चेंडू पुढं आहे. या."

थोडं चालल्यावर बाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. काचबिंदू. कडेकडेनं मिटत आलंय. मध्ये एवढंसं उरलंय, खिडकीएवढं." ते थांबले. "मुलीला ठाऊक आहे. क्लबात नाही. कळलं तर खेळू देणार नाहीत. सांगाल?"

"मी काही बघितलंच नाही."

"मग दोघंही सारखेच की आपण," ते म्हणाले, आणि पुन्हा हसले. पण कोपर त्यांनी सोडवून घेतलं नाही.

सामना तेच जिंकले. जाताना फोन नंबर मागून घेतला.

मग रोज संध्याकाळी फोन यायला लागला. ते आज काय काय दिसलं ते सांगायचे. शेजारणीची निळी साडी, पोपटानं अर्धा खाल्लेला पेरू. दाक्षायणीबाई दिवेलागणीच्या आधीच स्वयंपाक उरकून ठेवायच्या. चादरी घ्यायच्या म्हणून ते गाडीनं एकदा सोलापूरला आले. दिवाळीनंतर पुन्हा आले.

"एवढ्या चादरी पांघरणार कोण?" बाईंनी विचारलं.

"कारण संपलं की सांगतो."

त्या दुपारी सात रस्ता चौकातल्या एका हॉटेलात त्यांनी समोरचा चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "कारण संपलं. दाक्षायणी..."

नावापुढं बाई लावलं नव्हतं. कितीतरी वर्षांनी कुणी नुसतं नाव घेतलं होतं.

"पुढच्या वर्षी मला दिसेल की नाही, ठाऊक नाही. पण जे काही आहे ते तुमच्याबरोबर काढावंसं वाटतं. लग्न म्हणा, सोबत म्हणा. तुम्ही म्हणाल तसं."

हे येणार, हे त्यांना माहीत होतं. पुण्यात असलेल्या लेकीला, श्रीदेवीला, त्यांनी आडून विचारलंही होतं. ती सरळ म्हणाली होती, "आई, कर की." अडवणारं कुणीच नव्हतं. म्हणूनच अवघड होतं.

"आमचे चन्नवीर अर्धांगानं सहा वर्षं पडून होते," त्या म्हणाल्या. "सगळं मीच केलं. मनापासून केलं. पण ते गेले त्या दिवशी मी आधी झोपले... मग उठून रडले. इतकी थकले होते. मला पुन्हा तसं थकायचं नाही. तुमच्यापायी तर नाहीच."

"म्हणजे मी आवडत नाही असं नाही."

"लई आवडता," त्या म्हणाल्या, आणि डोळे भरून आले. "खोटं कशाला बोलू?"

गुरुशांतांचा हात टेबलावर कप शोधत होता. तो पुढं सरकवायला बाईंची बोटं हलली... आणि त्यांनी ती मुठीत आवळून धरली. कप त्यांना सापडला.

"बरं केलंत," ते म्हणाले. "हो म्हणून मागाहून पस्तावला असतात, तर मला ते दिसलंही नसतं."

तो विषय त्यांनी परत काढला नाही. फोन चालू राहिले. फक्त आज काय दिसलं, ते सांगणं हळूहळू कमी होत गेलं.

माघात परतीचा सामना कलबुर्गीला होता. सोलापूरची मंडळी बस करून गेली. गुरुशांत संघात नव्हते. कडुलिंबाखाली खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. दाक्षायणीबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण?" त्यांनी विचारलं.

तो एक शब्द बाईंच्या काळजातून आरपार गेला.

"मी."

ते धडपडून उठले. "आज कोणत्या रंगात आलाय?"

बाईंनी आपल्या विटक्या राखाडी कुडत्याकडं पाहिलं. "मोरपंखी."

"शोभत असेल."

खांदा दुखतोय असं कॅप्टनला सांगून त्या खेळल्याच नाहीत. सकाळभर त्यांच्या शेजारी बसल्या. कोण खेळतंय, कुणाचा चेंडू झुडपात गेला, सगळं सांगत राहिल्या. त्यांचा हात हातात होता. दोन्ही क्लबांनी पाहिलं.

"दानेश्वरी मला धारवाडला नेतेय," दुपारी ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात. तिच्याकडंच राहायचं आता."

"चांगली आहे मुलगी."

"लई चांगली."

येते मी तुमच्याबरोबर — शब्द गळ्यापर्यंत आले. बाईंनी स्वतःला पुन्हा एकदा विचारून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे. उत्तर तेच आलं. त्यांनी नुसता तो हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"धारवाडला फोन लागतो," ते हळूच म्हणाले.

उन्हं उतरल्यावर बस निघाली. दाक्षायणीबाईंना पुढं, ड्रायव्हरच्या मागची खिडकी मिळाली होती. दानेश्वरी गाडी आणायला गेली होती. गुरुशांत एकटेच रस्त्याकडेला उभे होते, आणि हात हलवत होते. बसच्या शेवटच्या खिडकीकडं बघून. तिथं कुणीच बसलेलं नव्हतं.

बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. मग त्या उठल्या. चालत्या बसमध्ये बाकड्यांचा आधार घेत पार मागं गेल्या, त्या रिकाम्या खिडकीशी बसल्या, आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिल्या.