टाकीएवढा चंद्र

फोटो स्टुडिओचं दार ढकलून तो आत आला, तेव्हा छबी एका आजोबांची हनुवटी पासपोर्टच्या फोटोसाठी सरळ करत होती. घरातलं लाडाचं नाव छबी आणि पोट भरायचं काम काकांच्या स्टुडिओत फोटो काढायचं, म्हणजे नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसलं होतं म्हणायचं. आजोबा गेले तसा तो पुढे आला. दर्शनी काचेकडे बोट करून म्हणाला, "तो टाकीचा फोटो… तुम्ही काढलात?"

छबीने उगाच कॅमेऱ्याचं झाकण लावलं आणि काढलं.

फोटो होताच तसा. पाण्याची उंच टाकी, कठड्याशी उभा एक माणूस, नुसती काळी आकृती, आणि मागे हा एवढा, परातीसारखा चंद्र. जाणारे-येणारे थबकून बघायचे. आणि तो चंद्र, सांगायलाही लाज वाटते, चिकटवलेला होता.

त्या संध्याकाळी टाकीमागे चंद्र खरंच परातीएवढा दिसला होता हो. छबी कॅमेरा घेऊन धावली. घरी येऊन बघते तर फोटोत शर्टाचं बटण! डोळ्याला एवढा दिसलेला चंद्र कॅमेऱ्याला दिसलाच नव्हता. काका त्याच आठवड्यात म्हणाले होते, तुझा एखादा चांगला फोटो असला तर काचेत लावू. मग काय, दुसऱ्या एका दिवशीचा चंद्र तिने कापला, फुगवला, बटणाच्या जागी बसवला. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवसापासून कौतुक सुरू झालं आणि तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

"मीच काढला," ती म्हणाली.

"त्यातला माणूस…" तो अडखळला, "मी आहे."

बोलताना त्याचे कान लालबुंद झाले. तो पाणीपुरवठ्यात टाकीवर ऑपरेटर होता. पातळी बघायची, पाणी सोडायचं. किती लाजाळू आहे बिचारा, असं छबीला वाटलं, आणि त्या लाजाळूपणावर ती तिथल्या तिथे थोडीशी भाळली. त्याला एक प्रत हवी होती.

पुढच्या आठवड्यात तो फ्रेम करायला आला. मग फ्रेमचा रंग आईला आवडला नाही म्हणून आला. मग काचेला चरा गेला म्हणून आला. टाकीवर काचेला चरे पाडायचंच काम चालतं का, असं छबीने विचारलं, तर म्हणाला, इतकी चौकशी असेल तर एकदा वर येऊन बघा. पाय लटपटले तर? मी आहे ना, तो म्हणाला, आणि मग दोघंही उगाच फ्रेमांच्या पट्ट्या न्याहाळत बसले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

पण तो गेला की छबी शरमेने अर्धी व्हायची. त्याच्या आईने म्हणे तो फोटो दारासमोरच लावला होता. येईल त्याला दाखवायची, हा माझा मुलगा, चंद्रासमोर.

"फक्त म्हणते, यात तू जाड दिसतोस," तो म्हणाला आणि खाली बघायला लागला.

छबीनेही मान खाली घातली. चंद्र फुगवताना माणूसही फुगला की काय? इतक्या सरळ माणसाला आपण फसवतोय, त्याच्या आईलाही फसवतोय. कळलं तर तो पुन्हा या दाराकडे फिरकणार नाही. आणि तो फिरकला नाही तर… त्यापुढचा विचारच तिला करवत नव्हता.

एक दिवस तो पडलेल्या चेहऱ्याने आला. साहेबांना तो फोटो ऑफिसात लावायचा होता. भिंतभर मोठा. खाली तिचं नाव आणि त्याचंही.

"नवीन काढू या," छबी पटकन म्हणाली.

"हो हो, नवीनच काढू," तो तिच्याहून पटकन म्हणाला. का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मोठी लेन्स काकांच्या कपाटात होती. काढून देताना काका म्हणाले, चंद्र मोठा हवा असेल तर टाकीपासून लांब जायचं. लांबून टाकी लहान होते, चंद्र आहे तेवढाच राहतो. हे ते तिच्याकडे न बघता म्हणाले, त्यामुळे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लांब जायचंय हे एका परीने बरंच होतं. समोरासमोर यायला नको.

पौर्णिमेच्या संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला, आत्याच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींमध्ये तिने कॅमेरा लावला. दीड किलोमीटरवर टाकी. लेन्समधून कठड्याशी तो दिसत होता, नखाएवढा. कानाशी फोन.

"थोडा डावीकडे सरक," ती म्हणाली. तो सरकला. "अजून. बास."

चंद्र यायला पाच-सात मिनिटं होती. याला असंच उभं करून फोटो काढला तर आपल्यासारखे खोटे आपणच.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली. "तो पहिला चंद्र खोटा आहे. मी चिकटवलाय. तुझ्या आईच्या भिंतीवर माझ्यामुळे खोटा फोटो आहे. मला रोज सांगायचं होतं… आणि तू आलास की वाटायचं, आज नको."

फोनमध्ये नुसता वारा. लेन्समध्ये तो जागचा हलला नाही. संपलं, छबीला वाटलं. आता उतरेल आणि सरळ घरी जाईल.

"छबी," तो म्हणाला. या नावाने त्याने पहिल्यांदाच हाक मारली. "तो माणूसही मी नाही."

"काय?"

"त्या दिवशी माझी सुट्टी होती. वर आमचे सिनियर होते, पोट सुटलेले. नंतर एकदा मी रस्त्याने चाललो होतो, काचेआड तू दिसलीस. आत यायला काहीतरी कारण हवं होतं… बोलून बसलो. मग आईने फोटो भिंतीवर लावला. रोज जेवताना समोर तो. घास गिळवत नाही गं."

छबी मटकन गच्चीच्या कट्ट्यावर बसली. रडावं की हसावं कळेना.

"मग त्या फोटोत खरं होतं तरी काय?"

त्याने पायाखाली बघितलं. "टाकी," म्हणाला.

ती हसत सुटली. डोळे पुसेपर्यंत टाकीमागे लालसर उजेड वर यायला लागला होता. चंद्र खरोखरच टाकीएवढा होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो तिच्याकडे तोंड करून वळला आणि दोन्ही हातांनी त्याने कान धरले.

"मीपण धरलेत," छबी म्हणाली. खरंच धरले होते, त्याच्यासारखाच फोन खांद्याने दाबून.

"मग फोटो कोण काढतंय?"

ती धडपडत उठली. चंद्राच्या बरोबर मधोमध, कान धरलेला, सडपातळ, तोच. तिने बटण दाबलं.

"आणखी एक सांगायचंय," तो म्हणाला. "फ्रेमांची कारणं संपलीत माझी. उद्या नुसतंच यायचंय… येऊ?"

"ये," ती म्हणाली.

काचेतला जुना फोटो तिने स्वतःच्या हाताने उतरवला आणि काकांना सगळं सांगितलं. काकांनी नवीन फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि काच पुसायला फडकं मागितलं.

रविवारी तो तिला घरी घेऊन गेला. आईने भिंतीवरची फ्रेम उतरवून नवीन टांगली, पदराने पुसली, दोन पावलं मागे सरकली.

"हा खरा माझा मुलगा," आई म्हणाली. "पण कान का धरलेत? काय करून ठेवलंयस?"

"सांगतो," तो म्हणाला. "आधी हिला आत तर येऊ दे."

छबी अजून उंबऱ्यातच होती, मान खाली घालून. आईने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तिचा हात धरून तिला आत घेतलं.