टोपीवाले आजोबांची तबकडी

जरा कल्पना करा बरं. डिसेंबरचं कोवळं ऊन आहे, जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातली एक गच्ची आहे, आणि त्या गच्चीवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर काहीतरी वाळत घातलेलं आहे. पापड नाहीत, कुरडया नाहीत, मिरच्याही नाहीत. टॉर्चमध्ये घालतात ना, ते जाडजूड सेल! ओळीनं मांडलेले. शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी छडी घेऊन बसली आहे. कावळे सेल खात नाहीत हे तिला ठाऊक आहे. पण राखण म्हटली की हातात छडी हवीच, असं तिचं मत.

तुमच्यापैकी कुणी असं पाहिलं नसेल. त्या काळी मात्र घरोघरी हेच चालायचं. संपत आलेले सेल उन्हात तापवले की त्यांच्यात पुन्हा थोडा जीव येई आणि आणखी काही दिवस ते काम देत. फेकून द्यायचं कुणाच्या मनातही येत नसे.

त्या मुलीचं नाव यशोधरा. खोकल्यामुळे ती आठवडाभर शाळेत गेली नव्हती, म्हणून तिच्या शाळेतली नवी शिक्षिका सुमेधा शाळा सुटल्यावर घर शोधत त्या गल्लीत आली होती. दार वाजवायला तिनं हात उचलला... आणि तो तसाच राहिला.

वरून गिटार ऐकू येत होती.

गिटार सुमेधानं सिनेमातल्या गाण्यांत ऐकली होती. तिथे ती लग्नातल्या पाहुणीसारखी मागे उभी राहून नुसती हसायची. ही तशी नव्हती. कुणीतरी एकच तार दाबून, ताणून, सुराला हळूहळू वर नेत होतं — आणि पोचायचं तिथे पोचण्याआधी तो सूर क्षणभर थांबत होता. मग एक माणूस गायला लागला. खोल, जड आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा. भाषा इंग्रजी होती, शब्द नीट कळत नव्हते. त्यानं अर्धीच ओळ म्हटली आणि सोडून दिली. उरलेली अर्धी गिटारनं म्हटली.

हे तर तिच्या ओळखीचं होतं. विहारात तिची आई कलावती भीमगीतं गायची, तेव्हा अशीच ओळ अर्ध्यावर सोडायची. मागच्या बाया झील धरून ती पुरी करायच्या, आणि पेटीवर सुमेधा असायची. पण या माणसाच्या मागे कुणीच नव्हतं. तोच ओळ सोडत होता आणि तोच तिला उत्तर देत होता. सात समुद्रांपलीकडचा कुणी एक माणूस, आणि त्याला आमच्या विहारातली रीत कुणी शिकवली असेल?

"काही हरवलं का, बहनजी?"

गच्चीच्या कठड्यावरून एक उंच, सडपातळ तरुण वाकून बघत होता. मध्य प्रदेशात शाळेच्या बाईंना सगळेच बहनजी म्हणतात, त्यात विशेष काही नव्हतं. सुमेधाला यशोधराच्या खोकल्याबद्दल विचारायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"ते... कोण गाऊन राहिले?"

तो तरुण जिना उतरला नाही, जवळजवळ घसरत आला. हा यशोधराचा काका, विनय. टेलिफोनच्या कचेरीत कारकून होता, आणि कचेरीतून आल्यावर त्याला जगात एकच काम असे. वर वाजत होती ती गाण्याची तबकडी. पाच मिनिटांत सुमेधा गच्चीवर होती, यशोधराची आजी लीलाबाई चहा ठेवत होती, आणि खोकल्याची गोष्ट सगळेच विसरले होते.

तबकडी एझ्रा टॉलिव्हर नावाच्या अमेरिकन माणसाची होती. शेजारी राहणारे रेल्वेतले एक अँग्लो-इंडियन गार्ड ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी स्टेशनवर आपली जुनी गिटार आणि ही एक तबकडी विनयच्या हातात ठेवली होती. ती वाजवायला विनयनं बाजारातून सेलवर चालणारा छोटा प्लेअर आणला. या संगीताला ब्लूज म्हणतात, एवढं गार्डसाहेबांनी सांगितलं होतं. बाकीचं सगळं तो तबकडीकडूनच शिकला होता. तिच्या सुराला आपल्या तारा मिळवायच्या, आणि सुई पुन्हा पुन्हा मागे न्यायची. दुसरा गुरू नव्हता.

वेष्टणावर नाव होतं, 'ऑन द फार बँक'. पैलतीरावर. चित्रात स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेला माणूस, मांडीवर गिटार, आणि हॅट इतकी खाली ओढलेली की चेहरा दिसतच नाही. दिसतात फक्त हात. आवाजावरून घरानं त्याला म्हातारा ठरवून टाकलं होतं. यशोधरा त्याला टोपीवाले आजोबा म्हणायची, आणि रोज शाळेला जाताना त्यांना टाटा करायची.

सुमेधा त्यानंतर बऱ्याचदा आली. आधी यशोधराचा राहिलेला अभ्यास घ्यायला; मग अभ्यास संपला तरी. विनय तिला एकेक गाणं उलगडून दाखवायचा. एका गाण्यात फक्त गिटार आणि पायाचा ठेका. एका गाण्यात मध्येच खुर्ची कुरकुरते, आणि ती कुरकूर तशीच ठेवलेली. "काढून टाकता आली असती ना," विनय म्हणायचा, "पण मग तो माणूस खोलीत बसलेला आहे हे आपल्याला कळलं असतं का?" सुमेधाला गाण्याइतकंच हे सांगणं ऐकत राहावंसं वाटे. एखाद्या मोठ्या झाडाखाली उभं राहून वर बघावं, तसा हा माणूस त्या तबकडीपुढे उभा असे. तो स्वतः किती सुंदर वाजवतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

एके दिवशी लीलाबाईच्या लक्षात आलं की पोरगा हल्ली बहनजी म्हणतच नाही. नुसतं 'अहो' म्हणतो, नाहीतर खोकतो.

"काहून रे, बहनजी म्हणायला लाज वाटते?" तिनं चहा देता देता विचारलं.

विनयचे कान लाल झाले. सुमेधानं कपात बघत म्हटलं, "माझं नाव सुमेधा आहे. तेवढं आलं तरी पुरे."

"सुमेधाजी," तो म्हणाला. आणि उगाचच पुन्हा एकदा म्हणाला.

त्या दिवशी निघताना तिनं सहज, अर्धी थट्टेत, तबकडी दोन दिवस नेऊ का म्हणून विचारलं. शाळेत प्रार्थनेला आणि पंधरा ऑगस्टला गाणी लावायचा विजेवरचा प्लेअर होता, त्यावर निवांत ऐकता येईल. विनयनं गळ्यातला मफलर काढला, तबकडी त्यात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. थंडी चांगलीच होती. तो तसाच उघड्या गळ्यानं तिला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला.

जाता जाता त्यानं एक बातमीही सांगितली. रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये नाताळचा मोठा कार्यक्रम असतो. तिथल्या बँडचा गिटारवाला गाव सोडून गेला होता, आणि त्यांनी विनयला बोलावलं होतं. या रविवारी तालीम. याच तबकडीतलं पहिलं गाणं वाजवायचं, मागे पियानो आणि ड्रम; बँडवाल्यांकडेही ही तबकडी होती. पाच वर्षं गच्चीवर वाजवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी ऐकणार होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुमेधानं रिकाम्या वर्गात प्लेअर लावला, सुई ठेवली, आणि दचकून उचलली. तबकडी चुकली असणार. हा तर कुणी पोरगा गात होता! तिनं मधला कागद वाचला. नाव तेच. पुन्हा सुई ठेवली. आवाज हलका, तरुण, खोडकर. ओळ अर्ध्यावर सोडताना तो चक्क हसत होता, आणि गिटार त्याच्या मागे अशी धावत सुटली होती की कानांना तिच्याबरोबर पळता येईना. भेडाघाटच्या धबधब्यापुढे उभं राहिलं की तोंडातून शब्द निघत नाही, तशी ती उभी राहिली. पहिली बाजू संपली, दुसरी संपली, तरी ती उभीच.

मग तिनं शाळेची रोजची प्रार्थनेची तबकडी लावून पाहिली. ती अगदी बरोबर वाजली, रेडिओवर वाजते तशीच. शाळेची पेटी काढून सूर पाहिला. विनयच्या घरी हे गाणं पांढरी दोनमध्ये असायचं. इथे पांढरी तीन होती. अख्खा एक सूर वर.

आणि तिला ते सेल आठवले. टॉर्चमध्ये संपत आले की मग प्लेअरला मिळणारे, उन्हात तापवून तापवून चालवलेले, दमलेले सेल. ते तबकडीला पुरत्या वेगानं फिरवतच नव्हते. पाच वर्षं त्या घरानं एका हसणाऱ्या तरुणाला रडणारा म्हातारा समजून ऐकलं होतं, आणि विनयनं आपल्या तारा त्या दमलेल्या सुराला सैल करून घेतल्या होत्या. बँडवाल्यांच्या घरी त्यांची तबकडी वर्षानुवर्षं विजेवर वाजत असणार, नीट. रविवारी हा तिथे डोळे मिटून, जीव ओतून, एक खट्याळ गाणं शोकगीतासारखं वाजवणार. लोक हसणार.

सांगायला हवं होतं. पण आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ज्यानं मफलरात गुंडाळून दिली, त्याला ती गोष्ट तशी नाहीच असं कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगितलं तर तो पुन्हा कधी बोलेल का? सुमेधा एक दिवस गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. शुक्रवारी भाजीबाजारात तो समोरूनच आला, आणि वांग्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून तिनं सगळं सांगून टाकलं.

आधी तो हसला. शाळेचं मशीन धावत असेल म्हणाला. मग प्रार्थनेच्या तबकडीचं ऐकलं, पेटीचं ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"आमची रेकॉर्ड आवडली नसेल तर तसं सांगा ना, सुमेधाजी..."

"आवडली म्हणून सांगून राहिली," ती म्हणाली. "नाहीतर गप्प बसली असती. रविवारी सगळ्यांच्या मागे बसून टाळ्या वाजवल्या असत्या."

तो निघून गेला. भाजी घेतलीच नाही.

शनिवारी अर्धी शाळा असते. मुलं गेली, आणि सुमेधा रिकाम्या वर्गात उगाचच फळा पुसत राहिली. पुसलेलाच पुन्हा पुसत राहिली. तेवढ्यात दारात पावलं वाजली. विनय होता, एकट्यानं येणं बरं दिसलं नसतं म्हणून यशोधराला बोटाशी धरून आला होता. "लावा," एवढंच म्हणाला.

तिनं सुई ठेवली. विनय बाकावर टेकला, आणि पहिल्या ओळीलाच पुन्हा उठून उभा राहिला. सुमेधाला त्याच्याकडे बघवेना. गिटार धावत होती, तरुण गळा हसत होता, खुर्ची कुरकुरली तीसुद्धा थोडी घाईनं. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं. हळूहळू विनयचे ओठ उघडले, आणि डोळ्यांत तेच भाव आले जे गच्चीवर यायचे... नाही, त्याहून मोठे.

"हा तर माझ्या वयाचा आहे," तो हळूच म्हणाला. "सुमेधाजी, इतका आनंद... इतका आनंद कुणी बोटांत कसा ठेवू शकतं?"

"काका, मी बिघडवलं का?" यशोधरानं विचारलं. सेलांची गोष्ट तिच्या कानांवर आली होती. "आजोबा माझ्यामुळे मेले?"

विनयनं तिला जवळ घेतलं. कुणी मेलं नाही, आणि तुझं काहीच चुकलं नाही, असं बराच वेळ समजावलं. मग तिच्या डोक्यावरून सुमेधाकडे बघितलं.

"मग मी पाच वर्षं वाजवून राहिलो, ते कोणाचं?"

"तुमचं," सुमेधा म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर जणू तिच्याजवळ केव्हाचं तयार होतं. "त्यानं असं कधीच वाजवलं नाही. अमेरिकेत कोणी वाजवलं नाही. ते फक्त कांचघरात वाजते. उद्या तारा चढवू नका. आधी सांगा त्यांना, की हे याच्यावरून आलं पण याचं नाही. मग वाजवा. पियानोला म्हणा, एक सूर खाली ये."

"आणि हसले तर?"

"हसू द्या. मला तर..." ती थांबली. ओळ अर्धीच राहिली. तबकडी फिरत होती.

"तुम्हाला काय?"

"मला हे ऐकून थक्क व्हायला होते. पण घरी जाऊन जे आठवते, ते तुमचं."

विनयनं फळ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"उद्या याल तुम्ही? तालमीला?"

"मला बोलावलं कोणी?"

"मी बोलावून राहिलो ना." त्यानं घसा साफ केला. "आणि... उद्यापुरतं नाही बोलावत, सुमेधा."

'जी' गळून पडला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं. सुमेधानं डस्टर टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, आणि खडूनं माखलेल्या हातानं डोळे पुसले; गालावर पांढरा पट्टा उमटला. विनयनं तो दाखवायला बोट पुढे केलं, आणि ते बोट हवेतच राहिलं. "येईन," ती म्हणाली. "उद्यापुरतं नाही."

यशोधरानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. दोघांनाही तिची आठवण नव्हती. मग ती बाकावरून उतरली, टाचा उंचावून प्लेअरजवळ उभी राहिली, आणि फिरणाऱ्या तबकडीच्या काठावर तिनं आपलं बोट अगदी हलकेच टेकवलं. गिटार दमली. तरुण गळा खोल गेला, जड झाला, आणि भरल्या उन्हात त्या वर्गात आजोबा गायला लागले. आणि यशोधरानं दुसऱ्या हातानं त्यांना टाटा केला.