चंडसेनाची गादी

बिड्या विझवा अन् ऐका. मधी कुनी दात काढलं तर मी उठून जाईन. ही गोष्ट आपल्या कोंडीबाची हाय. जित्ता हाय अजून, जाऊन इचारा.

सेहेचाळीस साल, चैत वद्य अष्टमी. दुसऱ्या रातीला जत्रंत ‘सम्राट चंडसेन’ नाटक. कोंडीबा सांगलीला कुतुबुद्दीन कारागिराकडं गेल्ता, मुकुट आनायला. मुकुटाला पोचा पडल्याला. त्यो ठोकून, वर सोनेरी मुलामा चढवून पेटीत घातला, अन् दिवं लागायला यानं गाडी जुपली.

चंडसेन आपल्याच मास्तरानं रचल्याला. थोरल्या भावाला कैदंत घालून गादीवर बसतो, समिंदरापतूर राज्य करतो, अन् म्हातारपनी त्याच भावाच्या पायावर मुकुट ठिवून मरतो. धा वर्सं ह्यो सम्राट नाथाजीनं केला. नाथाजी म्हंजे आप्पासोंचा सालगडी, अन् आप्पासोंचा निम्म्या गावाचा ऊस. पर एकदा मुकुट चढला की नाथाजीला नावानं हाक मारायची न्हाई, महाराज म्हनायचं. नाटक सपलं की मुकुट त्यानं सोताच्या हातानं उतरून देवापुढं ठिवायचा. तवर त्यानं कुनापुढं उठायचं न्हाई. आपल्या गावची रीतच ती.

त्रेचाळीसला आप्पासो उशिरा आलं. तिसरा अंक चालू. सगळी मानसं उठली, नाथाजी बसून. आप्पासो तसंच स्टेजवर चढलं. "माज्या दारचा गडी, अन् माज्यापुढं बसतूस?" कानफटात दिली. मुकुट घरंगळत खाली. कोंडीबा पडद्याआड चोपडी घिऊन भाषनं सांगायला. नाथाजीनं त्याच्याकडं बघितलं. कोंडीबानं एवढंच म्हनायचं व्हतं रं, "आप्पासो, रीत हाय." कोंडीबाचं तोंड उघडलं न्हाई. चारशे मानसं, एकाचंबी न्हाई. मीबी त्यातच व्हतो. आजबी आठवलं की डोस्कं भनानतं. थू आमच्या जिनगानीवर.

नाथाजी तोंडाचा रंग न पुसता गावातनं गेला, पलटनीत भरती झाला, बरम्यात मेला. तार आली. अन् त्याच्या जागी सेहेचाळीसला सम्राट कोन? आप्पासो सोता.

तर गाडी तुंग गावाच्या म्होरं आली. चंद्र उगवायचा व्हता. वारा न्हाई. बैल थांबलं. कोंडीबानं शेपटी पिरगाळली. बैल हलंनात.

मागनं आवाज आला. पेटीजवळनं.

"समुद्रापर्यंत आमची आण चालते..."

तिसरा अंक. जितं तुटला व्हता, तितनंच.

मग गप. नाथाजी दर साली हितंच अडायचा, अन् कोंडीबा पडद्यामागनं पुढचं सांगायचा. आताबी त्यो थांबल्याला... सांगंल म्हनून.

कोंडीबानं मागं बघितलं न्हाई. हळूच म्हनला, "असा कोण आहे, ज्याच्यासाठी आम्ही उठावे?"

मागनं तेच वाक्य आलं. सावकाश.

मग आवाज बारीक झाला. सम्राटाचा न्हाई, नाथाजीचा.

"कोंडीबा... आप्पासो आल्यात. उठू का रं मी?"

तीन वर्सं घशात अडकल्यालं कोंडीबा तवा बोलला. "न्हाई महाराज. तुमी बसा."

बैल चालाय लागलं.

दुसऱ्या राती आप्पासो रंग लावून, मुकुट घालून सिंहासनाकडं निघालं. कोंडीबा चोपडी टाकून पडद्याभाईर आला अन् वाटंत आडवा उभा ऱ्हायला. "आप्पासो, रीत हाय. महाराज बसल्यात."

आप्पासोंनी हात उगारला. अन् त्येंची नजर सिंहासनावर गेली.

रिकामं. पर गादी मधी दबल्याली. सगळ्यांच्या देखत... आनखी थोडी दबली. कुनीतरी नीट टेकून बसावं तशी.

आप्पासोंचा हात खाली आला. मग मुकुट उतरला, सोताच्या हातानं. गादीपुढं ठिवला. बाजूला झालं, अन् उभं ऱ्हायलं. कुनी बस म्हनलं न्हाई. तांबडं फुटंपतूर उभं.

ती गादी देवळाच्या खोलीत हाय. दोनदा कापूस पिंजून भरला. कुलूप असतंय, किल्ली माज्याकडं. आज सकाळी उघडून हात फिरवला.

खड्डा हाय तसाच हाय. अन् गादी ऊन लागली हाताला.