दोन हिसके

फाटकाजवळच्या झाडाची फांदी उद्या तूच उतरवणार म्हणतोस? उतरव की. मामा म्हणून मी काय अडवणार तुला! पण खाली दोर कोण धरणार, ते आधी ठरव.

हसतोस काय? बसा सगळे. ही गोष्ट माझ्या एका मित्राची आहे, आणि तिचा शेवट मी स्वतः पाहिलाय. पटली नाही तर सोडून द्या, पण मध्येच फाटे फोडू नका.

झाडं छाटायची कामं घ्यायचा तो. स्वतःचा धंदा, स्वतःची करवत, कुणाची नोकरी नाही. घरावर आलेली फांदी असो, नाही तर तारांत घुसलेला शेंडा, बोलवा झाडवाल्याला. सगळे त्याला झाडवालाच म्हणायचे. तो कापायचा आणि मी माझ्या टेम्पोतून लाकूड वाहायचो. अठरा वर्षं आमची अशी जोडी होती. पण खरी जोडी त्याची आणि त्याच्या बायकोची. तो वर, ती खाली.

मोठी फांदी कापून नुसती टाकून देत नाहीत रे, खालची भिंत जाईल. आधी तिला दोर बांधायचा. तो दोर वरच्या बेचक्यातून खाली आणायचा, बुंध्याला दोन वेढे द्यायचे आणि खालच्या माणसाने तो हात हात सोडत फांदी अलगद उतरवायची. ती एवढीशी मूठभर बाई, पण तिने दोर धरला की कौल फुटला नाही कधी.

करवतीच्या आवाजात वरचं खाली ऐकू येत नाही आणि खालचं वर. म्हणून त्यांची बोली दोरावरची. दोर त्याच्या गुडघ्याला घासून खाली जायचा. खालून एक हिसका आला की थांबा. दोन हिसके आले की खाली कुणी नाही, कापा. ती मला म्हणायची, "भाऊजी, हा माणूस जन्मात माझं ऐकतो ते फक्त दोरावर." आणि तो मान खाली घालून हसायचा.

एके दिवशी तेवढंही ऐकलं नाही त्याने.

सकाळी दोघांचं वाजलं होतं. दुपारी मुलीकडे जायचं ठरलेलं, मुलीला दिवस गेलेले, आणि याने ऐन वेळी आणखी एक झाड घेतलं. शेवटची फांदी राहिली होती. खालून एक हिसका आला. थांबा. याला वाटलं, सकाळचा राग काढतेय, मुद्दाम खोळंबा करतेय. याने करवत टेकवली.

बुंध्यावरचा वेढा सुटत होता. तो नीट करायला ती पुढे वाकली होती...

असो.

त्याने कुणापासून काही लपवलं नाही. लपवलं असतं तर निदान मुलगी तरी राहिली असती. आठवड्याने मुलीने विचारलं, "आईने थांबा म्हटलं होतं का?" तो म्हणाला, "हो." ती उठली, चप्पल घातली आणि गेली. नातू झाला, तो याला तिसऱ्याच माणसाकडून कळला. तीन वर्षं मुलीचा फोन नाही. हाही झाडावर चढला नाही. लोकांची कुंपणं कापायचा, कुंड्या भरायचा. मी घरी गेलो की चहा करायचा आणि सवयीने तीन कप भरायचा. तिसरा तसाच गार व्हायचा.

मग ती रात्र आली. बारा ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळपासून वादळ सुटलेलं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. झाडवाला होता. म्हणाला, "टेम्पो काढ. पोरीचा फोन आला होता."

मुलीचं घर गावाच्या टोकाला. पत्र्याचं छप्पर, दार एकच, खिडक्यांना गज. दारापुढचं मोठं झाड मधोमध चिरलं होतं. त्याचा अर्धा भाग पत्र्यावर लोंबत होता आणि त्याच्या फांद्या दारावर अडकून बसल्या होत्या. आत मुलगी आणि अडीच वर्षांचं पोर. नवरा रात्रपाळीला, नदीपलीकडे. मदतीला फोन लावला तर उत्तर मिळालं, रस्ते बंद आहेत, सकाळी माणसं पाठवतो. आणि प्रत्येक झोताबरोबर ते धूड बोट बोट खाली येत होतं. सकाळपर्यंत ते थांबणार नव्हतं. तेव्हा तिने बापाला फोन केला. तीन वर्षांत पहिला शब्द. "बाबा, या."

वाटेत खांब आडवा पडलेला. टेम्पो पुढे जाईना. मी म्हटलं, मीही चालत येतो, दोर कोण धरणार? तो म्हणाला, "तू मागच्या रस्त्याने टेम्पो घेऊन ये. पोराला काही झालं तर दवाखान्यात कशातून नेणार?" करवत पाठीला, दोर खांद्याला, आणि अंधारात दिसेनासा झाला. मागच्या रस्त्यावर माझा टेम्पो चिखलात रुतला. ते दुःख मला अजून आहे. म्हणून यापुढचं थोडं त्याच्या तोंडचं सांगतो.

तो पोचला तेव्हा दोन वाजायला आले होते. आजूबाजूला घर नाही. त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "पोराला घे आणि मागच्या कोपऱ्यात कॉटखाली जा." मग झाडाच्या उभ्या राहिलेल्या अर्ध्या भागावर चढून धुडाला दोर बांधला, वरच्या बेचक्यातून खाली सोडला, उतरला आणि बुंध्याला वेढे देऊन गाठ मारली. गाठ मारून चालत नाही, हे त्याला माहीत होतं. कापल्याबरोबर ते धूड झोका घेणार आणि भिंतीवर आदळणार. पण सोडायला माणूस कुठे होता? जीव मुठीत धरून तो पुन्हा चढला.

वर बसला. कपाळाला बॅटरी. पाऊस. करवत सुरू केली. पातं लाकडाला लावणार...

गुडघ्याजवळ दोर हलला.

एक हिसका.

त्याने करवत बंद केली. वारा असेल. खाली उजेड टाकला. कुणी नाही. बुंधा, चिखल, आणि सरळ खाली गेलेला दोर. ताठ. कुणी तरी धरल्यासारखा.

करवत पुन्हा सुरू केली.

एक हिसका.

जोरात. असा की गुडघा सरकला.

तो मला म्हणाला, "भीती नाही रे वाटली. रडू आलं." या वेळी तो थांबला. नुसता थांबला. आणि थांबला म्हणून त्याला दिसलं...

मुलगी कोपऱ्यात गेलीच नव्हती.

बापाला वर दिसावं म्हणून ती खिडकीशी आली होती. खांद्यावर पोर. गजांतून हात बाहेर काढून मोबाईलचा उजेड धरलेला. धूड सुटल्यावर पहिल्यांदा जिथे टेकलं असतं, बरोबर तिथे.

तो ओरडला. घसा फाटेपर्यंत ओरडला. उजेड आत गेला.

आता नुसता पाऊस.

तो दोराकडे बघत राहिला. दोर गप्प.

मग त्याने विचारलं. मोठ्याने, एकट्याने, त्या झाडावर बसून. "त्या दिवशी मी थांबलो नाही गं. रागावलीस का?"

...

काही नाही.

...

दोन हिसके. हळू. ती द्यायची तसे.

त्याने कापलं. मोठा कडाका झाला, धूड सुटलं... आणि दोर ताणला. झोका नाही, दणका नाही. हात हात करत ते उतरायला लागलं. मध्ये थांबलं, भिंतीपासून वळलं, परत उतरलं. अंगणात टेकलं तेव्हा, तो म्हणतो, पानांचा तेवढा आवाज झाला.

तो खाली कसा आला ते त्यालाच आठवत नाही. "अगं..." म्हणत बुंध्याभोवती फिरला. दोनदा फिरला. कुणी नाही.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली. धुडाकडे बघितलं, बुंध्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, दोर कुणी सोडला?"

तो बुंध्याकडेच बघत होता.

तिला काय समजायचं ते समजलं. ती तशीच चिखलात बसली आणि "आई, आई" करून रडायला लागली. तो तिच्याशेजारी बसला. पोर दोघांच्या मध्ये.

नंतर तो पुन्हा झाडांवर चढायला लागला. मुलीचं येणं-जाणं सुरू झालं, नातू त्याच्या खांद्यावरून उतरेना. खाली दोराला त्याने एक चांगला माणूस ठेवला. पण प्रत्येक फांदीला तो उगाच जरा जास्त थांबायचा. मी ओळखायचो कशासाठी ते. पुन्हा कधीच काही आलं नाही. मागच्या हिवाळ्यात गेला तो, झोपेत. बरं झालं म्हणवत नाही, पण वाईट झालं असंही म्हणवत नाही.

काय? वाऱ्याने दोर हलला असेल म्हणतोस? गाठ सैल झाली असेल? असेल बाबा. मीही आधी तेच म्हणालो.

मी तिथे पोचलो पाच वाजून दहा मिनिटांनी. उजाडायचं होतं. बापलेक आत होते, पोर झोपलेलं. पाऊस रात्रभर पडत होता, तेव्हाही पडतच होता. म्हटलं, निदान दोर तरी गोळा करावा. बुंध्याशी गेलो. त्याची गाठ कुणी तरी नीट सोडलेली होती. दोराचं टोक चिखलात पडलेलं. बाकीचा सगळा दोर भिजून जड झालेला, गारठलेला. फक्त बुंध्याजवळचा वीतभर, दोन मुठी मावतील एवढाच तुकडा...

मी हात लावला.

तो कोरडा होता. आणि ऊन होता.